भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकशे एक

आमच्या धंद्यात एक वाक्य फार कामाचं आहे. "कुणीतरी हात लावलाय." नेट गेलं, प्रिंटर रुसला, कॉम्प्युटर मुका झाला आणि कारण सापडेना, की चष्मा कपाळावर चढवायचा, वायरींच्या गुंत्याकडं दोन मिनिटं गंभीरपणे बघायचं आणि हे वाक्य टाकून द्यायचं. गिऱ्हाईक लगेच वळून घरातल्या नाहीतर दुकानातल्या कुणाकडं तरी संशयानं बघतं. ते तिकडं भांडत बसतं आणि आपल्याला डोकं चालवायला वेळ मिळतो. डॉक्टर लोक "व्हायरल आहे" म्हणतात ना, तसंच हे. सोलापुरात वीस वर्षं मी नेटवर्कची कामं करते आणि हे वाक्य मी येता-जाता वापरलंय. एका खेपेला ते एका भल्या माणसाला जाऊन लागलं.

अक्कलकोट रोडला टॉवेलचा एक कारखाना आहे. सोळा माग, सगळे फुलं-पानं-मोर विणणारे. मालकांना सगळे आप्पा म्हणायचे. टॉवेलवरचा मोर आधी कॉम्प्युटरवर काढायचा आणि मग वायरीतून मागाकडं पाठवायचा, अशी तिथली पद्धत. पण मोर काढायचं सॉफ्टवेअर इतकं जुनं, की ते बनवणारी कंपनी कधीच बुडाली, आणि नव्या कॉम्प्युटरवर ते पाऊल ठेवायला तयार नाही. जुना कॉम्प्युटर तर शेवटच्या घटका मोजत होता. तेव्हा मी त्या जुन्याचा सगळा जीव काढून एका नव्या कॉम्प्युटरच्या पोटात घातला. म्हणजे बाहेरून नवा, आणि आत पडद्यावरच्या एका खिडकीत तो जुना, जसाच्या तसा, आपण अजून धडधाकट आहोत अशा समजुतीत चालू. याला आम्ही व्हर्च्युअल मशीन म्हणतो. आप्पांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे पोटातला." तेव्हापासून त्याचं नाव पोटातला.

नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक नंबर द्यावा लागतो, घरनंबरासारखा. मागांना मोर हवा असला की ते त्या नंबराला हाक मारतात. शंभर नंबर प्रिंटरला गेला होता म्हणून पोटातल्याला मी एकशे एक दिला, यात माझी काही अक्कल नव्हती. पण आप्पा खूश! "एकशे एक! पोरी, आहेराचा आकडा काढलास की." मार्करनं तो आकडा त्यांनी स्वतः कॉम्प्युटरवर लिहिला, आणि दसऱ्याला मागांच्या बरोबरीनं त्या आकड्यालाही हळदकुंकू लागायला लागलं.

पोटातल्यावर काम करणारा माणूस एकच, डिझाईन मास्तर. बत्तीस वर्षं त्याच कारखान्यात. आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं मोर काढला, मग पुठ्ठ्याला भोकं पाडून काढला, आणि पन्नाशी उलटल्यावर माउस हातात धरून काढला. माउस शिकताना त्यांना दरदरून घाम फुटायचा, पण "मी करून देते" म्हटलं तर हात बाजूला सारायचे. बोलणं कमी. मला 'अम्मा' म्हणायचे, तेलुगूत लेकीलाही तशीच हाक मारतात आणि मी त्यांच्या लेकीच्या वयाची. आप्पा परगावी गेले की कारखान्याच्या किल्ल्या पोरांकडं न देता मास्तरांकडं देऊन जायचे. पोरांना ते झोंबायचं, पण आप्पांपुढं बोलायची कुणाची टाप नव्हती.

आप्पा गेले आणि वर्षाच्या आत दोघं भाऊ वाटणीला बसले. थोरले आणि धाकटे, एवढंच म्हणते मी त्यांना. मध्यस्थ म्हणून मैंदर्गीचे मामा आले, बरोबर गावाकडचे दोन पंच घेऊन. मामांचा नियम एकच: "एकाला जे, ते दुसऱ्याला. तसूभर कमीजास्त न्हाय." आठ माग इकडं, आठ तिकडं, शेडच्या मधोमध विटांची भिंत. शिडी एकच होती, तर सुताराकडून दुसरी करून घेतली, पायऱ्या मोजून. आप्पांचा फोटो एकच होता, तर स्टुडिओत नेऊन त्याची दुसरी प्रत काढली, आणि मग मूळ फोटो कुणाचा यावर दोन दिवस गेले. शेवटी मामा मूळ फोटो स्वतःच मैंदर्गीला घेऊन गेले. राहिले मास्तर. त्यांची दुसरी प्रत कुठल्याच स्टुडिओत निघेना. तेव्हा ठरलं की सकाळी एकपर्यंत मास्तर थोरल्यांचे, जेवण झाल्यावर धाकट्यांचे. भिंतीत एक छोटं दार ठेवलं. त्यातून ये-जा करायची मुभा फक्त मास्तरांना.

मग पोटातल्याची पाळी आली आणि मला बोलावणं आलं. एप्रिलमधली दुपार, वर पत्रा तापलेला. मला वाटलं, यात काय अवघड, दुसरा कॉम्प्युटर ठेवायचा, पोटातल्याची नक्कल काढून त्यात घालायची, नंबर बदलायचा, अर्ध्या तासाचं काम. आणि मी तसं मोठ्यानं बोलून दाखवलं. कपाळ माझं!

"कुणाचा नंबर बदलणार?" धाकट्यांनी विचारलं.

"तुमचा. तुम्हाला एकशे दोन देते."

"माझाच का? आणि एकशे दोन कुणी आहेर करतं का ओ मॅडम?"

"बरं, मग थोरल्यांना एकशे दोन."

थोरले नुसते हसले. आप्पांचा थोरला मुलगा एकशे दोन घेईल, ही कल्पनाच त्यांना करमणुकीची वाटली. मग मी शहाणपणा केला. म्हटलं, "एकशे एक्कावन्न घ्या की कुणीतरी. तोही शुभच, वर मोठा पण आहे." हे ऐकल्याबरोबर दोघांनाही एकशे एक्कावन्न पाहिजे झाला. पुढची वीस मिनिटं मी पंख्याकडं बघत बसले.

शेवटी मामांनी हात वर केला. "दोघांस्नी एकशे एक. आप्पाचा आकडा हाय. विषय संपला."

"मामा, असं चालत नाही," मी म्हणाले. "एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर दिला तर पोस्टमन काय करेल?"

"आमच्या मैंदर्गीत पोस्टमन तोंड बघून पत्र देतो," मामा म्हणाले.

"हौद्री, हौद्री," दोन्ही पंचांनी कानडीत 'खरंय, खरंय' म्हणून माना डोलावल्या.

त्यात आणखी एक भर पडली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पोटातल्याची प्रत चालू केली, तर पडद्यावर प्रश्न आला: हे मशीन तुम्ही हलवलंत की त्याची नक्कल केलीत? हा प्रश्न नेहमीच येतो. 'नक्कल' असं उत्तर दिलं की ते मशीन निदान आपली ओळख वेगळी करून घेतं आणि पुढं एकाच नंबरावरून भांडण लागलं तर पडद्यावर बोंब तरी मारतं. पण मामा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "काय म्हणतंय त्ये?" मी खरं ते सांगितलं. धाकटे खुर्चीवरून ताडकन उठले. "नक्कल मी घेणार नाही. अस्सल पाहिजे." त्याबरोबर थोरल्यांनाही शंका आली, की आपल्याकडं राहतोय तोच अस्सल कशावरून? सव्वातीन वाजले होते. सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. मी 'हलवलं' असं दाबून टाकलं. म्हणजे दोन्ही अस्सल. नंबर एक, ओळख एक, आणि यंत्राला तक्रार करायचीही सोय राहिली नाही.

तरी यावर एक उपाय होता, आणि तो मी सांगितला होता, हे आधी लिहून ठेवते. सगळ्या वायरी ज्या एका डब्यात जाऊन मिळतात, स्विच म्हणतात त्याला, तो डबा भिंतीच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळा पाहिजे. दोन गल्ल्या तोडल्या की दोन्हीकडं एकशे एक खुशाल नांदतो, कारण ते एकमेकांना दिसतच नाहीत. "तेवढा दुसरा डबा बसवा," मी तिथल्या इलेक्ट्रिशियनला सांगितलं. तो म्हणाला, "बसवतो की." मामांनी कागद पुढं केला: दोन्ही यंत्रे हुबेहूब सारखी असून चालू स्थितीत आहेत. मी त्यावर सही ठोकली आणि जेवायला पळाले.

चौथ्या दिवशी थोरल्यांचा फोन. त्यांचे माग पोटातल्याला हाका मारतायत आणि तो जबाब देत नाही. गेले तर बाहेरचा कॉम्प्युटर ठणठणीत, थोरले त्याच्यावर क्रिकेट बघत बसलेले. "नेट तर चालतंय की ओ मॅडम! मॅच दिसतीय." बाहेरच्याचं नेट आणि पोटातल्याचं नेट एकाच वायरीतून गेलं तरी दोघांचे संसार वेगळे असतात, हे समजावून सांगता सांगता माझा घसा बसला. पोटातल्याचं नेट बंद करून चालू केलं, वायर बदलली, फायरवॉल उतरवली, आणि शेवटी आम्ही जे आधीच करायला पाहिजे असतं ते केलं, सगळंच बंद करून परत चालू केलं. लागलं! थोरल्यांनी चहा पाजला. मी गेटपर्यंत पोचते न पोचते तोच धाकट्यांचा फोन. आता त्यांचा मुका.

असं तीन आठवडे चाललं. इकडं लागलं की तिकडं जायचं, तिकडं लागलं की इकडं. मी वैतागले होते, मागवाले वैतागले होते, मोर अर्ध्यात अडकत होते. डबा तपासायला मी चढले नव्हते असं नाही. इलेक्ट्रिशियननं भिंतीच्या माथ्यावर प्लायवूडचं छान कपाट केलं होतं. थोरल्यांच्या बाजूनं शिडी लावून दार उघडलं, आत डबा, हिरवे दिवे लुकलुकतायत. मग धाकट्यांच्या बाजूनं त्यांची शिडी लावून दार उघडलं, आत डबा, हिरवे दिवे लुकलुकतायत. दोन बाजू, दोन डबे. समाधानानं खाली उतरले.

पाचवी की सहावी खेप असेल. थोरल्यांनी त्राग्यानं विचारलं, "पण होतंय कशानं हे?" मी चष्मा कपाळावर चढवला, वायरींकडं बघितलं आणि म्हणाले, "कुणीतरी हात लावतंय." पलीकडं धाकट्यांनी विचारलं. त्यांनाही तेच सांगितलं.

आता भिंतीच्या दोन्ही बाजूंना हात लावू शकेल असा माणूस कारखान्यात एकच होता. दोघं भाऊ कामाला लागले. थोरल्यांनी वहीत वेळा टिपून ठेवल्या: मास्तर जेवून पलीकडं गेले, पलीकडचा पोटातला चालवायला घेतला, की पाच मिनिटांत आपला मुका. धाकट्यांनीही वही घातली: सकाळी मास्तर त्याच्याकडं बसले की आपला मुका. दोघांच्या वह्या, एकमेकांना न दाखवता, तंतोतंत जुळत होत्या. थोरल्यांची खात्री पटली की मास्तर धाकट्याला सामील आहेत. धाकट्यांची खात्री पटली की थोरल्याला सामील आहेत. आणि हे सगळं खरंच तसंच घडत होतं, यात लबाडी काहीच नव्हती. ज्याच्यावर काम सुरू होईल तो पोटातला बोलायला लागायचा, आणि जो शेवटी बोलला त्यालाच दोन्हीकडचे माग एकशे एक समजायचे, मग दुसरा आपोआप मुका. मास्तर बिचारे नुसते कामाला बसत होते.

एका सोमवारी मास्तर मला गेटाजवळच्या लिंबाखाली भेटले. नेहमी उभ्या उभ्या बोलणारे, त्या दिवशी कट्ट्यावर बसले.

"अम्मा, जाताना माझी पिशवी बघतात आता," ते म्हणाले. "परवा जेवणाचा डबा उघडून बघितला. आत निम्मी भाकरी होती."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

"बत्तीस वर्षं झाली. उद्या नको म्हणाले तर मी घरी बसेन, त्याचं काही नाही. पण चोर म्हणून नाही जायचं मला. माझी लेक याच शहरात दिली आहे, जावई पण टॉवेलच्याच कारखान्यात आहे. तुम्ही फक्त कारण शोधून द्या. एवढं करा माझ्यासाठी."

"मास्तर, तुम्ही काळजीच सोडा," मी म्हणाले. "या आठवड्यात शोधून देते." लई ऐटीत म्हणाले मी ते.

आणि बुधवारी शोधलं. जेवणाची सुट्टी होती, माग बंद, शेडमध्ये कधी नव्हे ती शांतता. मी थोरल्यांच्या बाजूनं शिडीवर चढले, कपाट उघडलं, त्यांच्या कॉम्प्युटरची वायर डब्यातून उपसून हातात धरली आणि डब्याला जोडलेल्या लॅपटॉपवरून एकशे एकला हाक मारली. आता जबाब यायला नको. आला! परत मारली, परत आला, टणटणीत. वायर माझ्या मुठीत आणि एकशे एक आपला "आहे, आहे" म्हणतोय. डब्याच्या मागं हात घातला, तर तिथं प्लायवूड लागेना. हात आरपार गेला. पलीकडचं दार आतून ढकललं आणि मला धाकट्यांचा पंखा फिरताना दिसला.

डबा एकच होता. इलेक्ट्रिशियननं दुसरा डबा बसवायच्या ऐवजी एकाच डब्याला दोन बाजूंनी दोन दारं केली होती. थोरल्यांना त्यांचा डबा, धाकट्यांना त्यांचा डबा, तसूभर कमीजास्त न्हाय. आणि वीस वर्षांच्या अनुभवाची मी, दोन शिड्या चढून तोच डबा दोनदा मोजून आले होते.

मी शिडीवरच बसून राहिले. उतरून सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? की कागदावर सही माझी आहे. की 'हलवलं' मी दाबलं. की तीन आठवडे मी इथं नुसता चहा पिऊन गेले. या लाईनीत बायका जवळजवळ नाहीतच. "बाई माणूस, तिला काय कळतंय" असं म्हणायला कितीतरी लोक टपून बसलेले असतात, आणि त्यांना वीस वर्षं मी ती संधी दिली नव्हती. मी माझं मन वळवलं. रविवारी कारखाना बंद असतो. गुपचूप येऊन दुसरा डबा बसवायचा, सोमवारपासून सगळं सुरळीत. कुणाचं नाव निघायला नको, मास्तरांचंही आपोआप मिटेल. चारच दिवसांचा प्रश्न. वायर परत खोचली, दोन्ही दारं लावली.

खाली बघते तर मास्तर शिडी धरून उभे होते. मी पडू नये म्हणून. "काही सापडलं, अम्मा?"

"बघतेय मास्तर," मी म्हणाले.

शनिवारी दुपारी दोघांचेही फोन आले, ताबडतोब या. गेले. भिंतीतल्या त्या छोट्या दारात टेबल आडवं टाकलं होतं, अर्धं इकडं, अर्धं तिकडं, आणि दोघं भाऊ आपापल्या हद्दीत खुर्ची टाकून बसले होते. वाटणीनंतर पहिल्यांदाच एकत्र. मास्तर टेबलापाशी उभे. दोन्ही वह्या टेबलावर. बहुतेक सकाळीच त्या एकमेकांना दाखवून झाल्या होत्या, आणि मास्तर दोघांनाही फसवतायत असा मधला मार्ग निघाला होता.

"मॅडम, तुम्हीच म्हणाला होता ना, कुणीतरी हात लावतंय?" थोरल्यांनी विचारलं.

मास्तर माझ्याकडं बघत होते. रागानं नाही, वाट बघितल्यासारखं. मी त्यांना शब्द दिला होता ना, आठवड्यात शोधून देते म्हणून. तेवढ्यासाठीच मला बोलावलंय असं त्यांना वाटलं असणार.

"म्हणाले होते," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. म्हणाले तर होतेच मी. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, आणि ते मी गिळलं. रविवार तर उद्यावरच आलाय, असं काहीतरी मनात आलं. शी! आजही ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

"मास्तर, तुम्ही आप्पांच्या वेळचे," थोरले म्हणाले. "आम्ही काही बोलत नाही. पण आता घरी आराम करा."

"हां, आराम करा," धाकटे म्हणाले.

"मी हात लावला नाही," मास्तर म्हणाले. एकदाच म्हणाले. मग खिशातून दोन्ही बाजूंच्या किल्ल्यांचे जुडगे काढून टेबलावर ठेवले. जुडगे दिसायला सारखेच, तर दोघं भाऊ कुठला कुणाचा ते बघायला लागले. तोवर मास्तर गेटाबाहेर पडले होते.

रविवारी मी दुसरा डबा बसवला. चौकीदाराला सांगितलं, साफसफाई आहे. मधे प्लायवूडची पट्टी ठोकली, इकडच्या वायरी इकडं, तिकडच्या तिकडं. पाऊण तास लागला. बुधवारीही पाऊण तासच लागला असता. काम झाल्यावर लाज वाटत होती, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं, हेही सांगून टाकते.

सोमवारी थोरल्यांचा फोन. "मॅडम, लाईन एकदम टकाटक! सकाळपासून एकदा पण मुका नाही." मी बरं म्हणणार, तोच ते पुढं बोलले, "बघा की, मास्तर गेले आणि दुसऱ्या दिवसापासून सुरळीत. तुमचंच बरोबर निघालं." फोन ठेवते तो धाकट्यांचा. तेच. संध्याकाळी दोघांनी माणूस पाठवून मला टॉवेलचा एकेक सेट भेट दिला, हुबेहूब सारखे दोन सेट, दोन्हींवर मास्तरांचा मोर. मी मिटवायला म्हणून जे केलं होतं, तोच आता मास्तरांच्या विरुद्धचा पुरावा होऊन बसला होता. शनिवारी निदान संशय होता. सोमवारी सिद्ध झालं.

मंगळवारी मी गेले आणि दोघांना दारात बोलावलं. प्लायवूड उघडून दाखवलं, एक डबा, दोन दारं, 'हलवलं'चं बटण, माझी सही, बुधवार, रविवार, सगळं सांगितलं. काही शिल्लक ठेवलं नाही. आता हे माझ्यावर तुटून पडतील, काम जाईल, गावभर होईल, होऊ दे म्हटलं. दोघं आपापल्या शिडीवरून चढून बघून आले.

मग धाकट्यांनी विचारलं, "म्हणजे आता जुना डबा कुणाकडं आहे?"

"थोरल्यांकडं."

"आप्पांचा डबा त्याला, आणि मला बाजारातला?"

"तुला नवाकोरा मिळाला की!" थोरले उसळले. "माझा किती वर्षांचा जुना. हे कुठलं सारखं?"

"अहो, मास्तर!" मी ओरडले. माझा आवाज मागांच्या वर गेला असणार, कारण दोन्हीकडचे मागवाले वळून बघायला लागले. "डब्याचं काय घेऊन बसलाय? मास्तरांचं काय?"

"बघू की ओ मास्तरांचं नंतर," थोरले म्हणाले. "लगेच बोलावलं तर आपलंच चुकलं असं दिसतं."

"आणि बोलावलं तर सकाळी कुणाकडं, दुपारी कुणाकडं, ते परत काढावं लागेल," धाकटे म्हणाले. मग त्यांनी मैंदर्गीला मामांना फोन लावला, डब्यासाठी. माझ्यावर मात्र कुणीच चिडलं नाही. मी केलेल्या चुकीत दोघांना सारखाच त्रास झाला होता, त्यामुळं त्यांची काही तक्रार नव्हती.

तिथून मी तशीच शहराच्या पूर्व भागात मास्तरांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत लोखंडी कॉट, मास्तर बनियनवर बसलेले. मला बघून घाईनं शर्ट चढवला. "या, या अम्मा," म्हणाले आणि आत बघून चहा टाकायला सांगितलं. कारखान्यात बत्तीस वर्षं मराठी बोललेला माणूस, घरात सगळं तेलुगू. बायको आतून डोकावून हसली.

मी सांगायला सुरुवात केली. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. एक डबा आणि दोन दारं ऐकल्यावर मात्र ते हसले, अगदी मनापासून, मी त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. "दोन दारं! आणि डबा एक!" मांडीवर थाप मारली. मग चष्मा काढून डोळे पुसले, आणि ते काही सगळं हसण्याचं पाणी नव्हतं.

"म्हणजे मी नव्हतो," ते म्हणाले.

"नव्हता, मास्तर."

"त्यांना सांगितलंत?"

"आत्ताच सांगून आले."

"काय म्हणाले?"

"नंतर बघू म्हणाले."

त्यांनी मान हलवली. "असू द्या. कारण सापडलं, बास झालं. जावयाला नीट समजावून सांगता येईल आता." आणि बहुतेक त्यासाठीच, सगळं क्रमानं सांगता यावं म्हणून, त्यांनी विचारलं, "कधी सापडलं, अम्मा?"

रविवार म्हणाले असते तरी खपलं असतं. जीभ तिकडं वळतही होती.

"बुधवारी," मी म्हणाले. "तुम्ही शिडी धरली होती तेव्हा."

मास्तर माझ्याकडं बघत राहिले. बायको दारात येऊन उभी होती, तिला मराठी फारसं येत नाही. तिनं काहीतरी विचारलं, आणि मास्तर तिला सांगू लागले, हळू आवाजात, जमिनीकडं बघत. मला तेलुगू येत नाही. पण वारांची नावं दोन्ही भाषांत जवळजवळ एकच. बुधवारम्, मास्तर म्हणाले. मग थोडं थांबून शनिवारम्.

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि ती आत गेली. आत चहा उकळल्याचा वास येत होता. गॅस बंद केल्याचा आवाज आला, आणि मग कपबशीचा आवाज येईल म्हणून मी बसून राहिले, पण तो आला नाही.